सर्वज्ञ देव आणि माणसाची मर्जी: काय वाचू, कुठून सुरू करू? (सल्ला हवाय)

लोकलमधला
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय.

प्रश्न असा आहे. देवाला सगळं कळतं असं धरलं, म्हणजे झालेलं, चाललेलं, होणारं सगळंच, तर मी उद्या काय करणार ते त्याला आत्ताच माहितीये, आत्ताच कशाला, मी जन्मायच्याही आधीपासून माहितीये. बरं ऐन वेळी मी मन बदललं तर? ते बदलणार हेही त्याला ठाऊक होतंच. म्हणजे मी कुठल्याही गल्लीत वळलो तरी तो आधीच तिथे उभा. मग मी 'ठरवलं' म्हणतो त्याला काय अर्थ राहिला? ऑफिसात डबा खाताना यावरून जुंपली, एकजण म्हणाला कर्मसिद्धांत वाच, दुसरा म्हणाला देवच नाही, तिसऱ्याने भाजी कुणी केलीय विचारून विषय बदलला.

तर मला वाचायला सुचवा. मराठी मिळालं तर सोन्याहून पिवळं, हिंदी चालेल, इंग्रजीही चालेल पण विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून वाचता आलं पाहिजे. ज्योतिष नको. 'श्रद्धा असली की असले प्रश्न पडत नाहीत' हेही नको, ते घरी फुकट मिळतं.

गूळपोळी
मला तर यात अडचणच दिसत नाही. जाणणं वेगळं, करवणं वेगळं. हे माझं नाही, सेंट ऑगस्टीनचं आहे, चौथ्या शतकाच्या अखेरचं. काल काय झालं ते तुम्हाला आठवतं म्हणून काही काल तसं घडलं नाही, मग देवाला उद्याचं दिसतं म्हणून उद्या तसं घडतं असं का म्हणायचं? तुम्ही आपल्या मर्जीने जे करणार तेच त्याला दिसतंय, आणि मर्जीने करणार हेही दिसतंय. 'दे लिबेरो आर्बित्रिओ' नावाचं पुस्तक आहे त्याचं, एवोडियस नावाच्या मित्राशी गप्पा आहेत, तिसऱ्या भागात तो एवोडियस अगदी तुमचाच प्रश्न विचारतो. तेवढा भाग वाचा आणि निवांत झोपा.

नाममात्र
रुमाल टाकून ठेवतो. जेवणं उरकली की लिहितो.

बिनपाण्याचा_नळ
देव नाही. प्रश्न खलास. धागा बंद करा.

नाममात्र
आलो. आधी नळसाहेब. देव काढून टाकला तरी प्रश्न जागचा हलत नाही हो. ॲरिस्टॉटलच्या 'दे इंटरप्रितात्सिओने'चं नववं प्रकरण बघा, त्यात देवाचा विषयच नाही. 'उद्या समुद्रात लढाई होणार' हे वाक्य आज एकतर खरं असणार नाहीतर खोटं असणार. आज खरं असेल तर उद्या लढाई टळणार कशी, आणि आज खोटं असेल तर ती होणार कशी? मग लोक विचारविनिमय तरी कशाला करतात? दोन-चार पानांचा मजकूर, अडीच हजार वर्षं होत आली, माणसं अजून भांडतायत.

आता गूळपोळीताई. तुमचं उत्तर चुकीचं नाही, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं आहे. 'देव जाणतो म्हणून मला ढकलतो' असं कुणी म्हटलं तर ऑगस्टीन त्याला गप्प करतो. पण १९६५ साली नेल्सन पाइक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 'फिलॉसॉफिकल रिव्ह्यू'मध्ये वीसेक पानांचा लेख लिहिला आणि त्यात ढकलण्याचा संबंधच ठेवला नाही. जोन्स नावाचा माणूस शनिवारी दुपारी घरापुढचं लॉन कापतो. देव काळाच्या आतच आहे, अनादी आहे, आणि त्याचं मत चुकणं हे शक्यच नाही असं धरा. तर ८० वर्षांपूर्वीही देवाचं मत होतं की जोन्स त्या शनिवारी लॉन कापणार. आता त्या दुपारी मशीन बाजूला ठेवून सोफ्यावर लोळणं जोन्सच्या हातात होतं का? होतं म्हणालात तर तीनपैकी काहीतरी एक त्याच्या हातात होतं असं म्हणावं लागतं: देवाला खोटं पाडणं, किंवा ८० वर्षांपूर्वी देवाचं जे मत होतं ते नव्हतंच असं करणं, किंवा तेव्हा ते मत बाळगणारा जो कोणी होता तो देवच नव्हता असं करणं. तिन्ही अशक्य. मग त्याच्या हातात काय राहिलं?

बघा, यात देवाने जोन्सला बोटसुद्धा लावलेलं नाही. देवाचं मत होऊन गेलेल्या काळात जाऊन बसलंय, आणि होऊन गेलेलं कुणाच्या बापाला बदलत नाही, बस एवढंच. वर ते मत चुकू शकत नाही. हे दोन खिळे एकदा नीट दिसले की यूट्यूबवरची निम्मी उत्तरं आपोआप गळतात, कारण ती सगळी ढकलण्यावरच बोलत असतात.

म्हणून माझा सल्ला, आधी पाइक. इंग्रजी सोपं आहे, फक्त सावकाश वाचा. मग 'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी' नेटवर फुकट आहे, त्यात लिंडा झॅग्झेब्स्की यांची (आता डेव्हिड हंट यांच्यासह) या विषयावरची नोंद आहे, उत्तरांचे सगळे प्रकार एका जागी मिळतील. ऑगस्टीन नंतर वाचा, आधी वाचलात तर प्रश्न सुटला असं वाटून बसाल.

ताकभात
नाममात्र, उत्तम. पण मराठी माणसाने मराठीत मागितलंय तर आधी घरचं सांगा की राव. लोकलमधला, 'गीतारहस्य' काढा, दहावं प्रकरण, 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य'. अख्खा ग्रंथ वाचायची गरज नाही, हे प्रकरण सुटं वाचलं तरी चालतं. 'बुद्धिः कर्मानुसारिणी' म्हणजे बुद्धीसुद्धा कर्माच्याच मागे जाणार, मग माणूस मोकळा कुठे, हा प्रश्न टिळक टाळत नाहीत. बाहेरच्या सृष्टीत आणि देहात सगळं कर्माच्या साखळीत, पण आत जो आत्मा आहे तो त्या साखळीतला नाही, आणि सुटायची ओढ तिथून येते, असं साधारण त्यांचं म्हणणं. वाक्यं लांबलचक आहेत, लोकलमध्ये एक वाक्य अंधेरीला सुरू केलं तर दादरला संपतं, पण कायदा शिकलेला माणूस, दुसऱ्याची बाजू आधी नीट मांडतो.

आणि गीतेत अठराव्या अध्यायात ६१ आणि ६३ हे श्लोक शेजारी ठेवून वाचा. ६१ मध्ये देव सगळ्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, आणि दोनच श्लोक पुढे तोच देव अर्जुनाला सांगतो, 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल ते कर. मधल्या ६२ व्यात शरण जा म्हणतो. भाष्यकारांची खरी परीक्षा इथे होते.

नाममात्र
काका, दहावं प्रकरण वाचावंच, दुमत नाही. पण लोकलमधल्याचा प्रश्न तिथे पूर्ण सापडणार नाही. ६१ वा काय, ११.३३ चं 'निमित्तमात्रं भव' काय, तिथे देव करणारा आहे. ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) आक्षेप येतो तोही 'देव पक्षपाती आणि निर्दय ठरेल' असा, आणि उत्तर येतं की तो जीवांच्या कर्माकडे बघून देतो. म्हणजे काळजी न्यायाची आहे. आगाऊ माहिती असण्याची अडचण हवी तर गीतेत ७.२६ आहे, 'वेदाहं समतीतानि', झालेले, असलेले, होणारे सगळे जीव मला माहीत आहेत. पण तिथे श्लोक पुढे 'मला मात्र कुणी जाणत नाही' असं म्हणून संपतो, अर्जुन उलटून विचारतच नाही की मग माझं काय.

ताकभात
हे मान्य. आमच्याकडे पाचवीला पाट्याशी कोरा कागद आणि पेन ठेवतात, रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाते. ती लिहिणारी, म्हणजे ठरवणारी. लोकलमधल्याचा प्रश्न लिहिणारीचा नाहीच, नुसतं वाचणाऱ्याचा आहे.

सांगलीकर_बारके
काका, नुसतं वाचणारा हवा असेल तर आमच्याकडे या. 😀 जैनांत सृष्टी करणारा देवच नाही, पण केवलज्ञानी आहे, त्याला सगळ्या द्रव्यांचे सगळे पर्याय (म्हणजे अवस्था), मागचे पुढचे, एका वेळी दिसतात. तो काही करत नाही, कुणाला फळ देत नाही, फक्त जाणतो. म्हणजे तुमचा प्रश्न निखळ स्वरूपात हवा असेल, देवाची मर्जी, कृपा, शिक्षा हे सगळं वजा करून, तर तो जैन ग्रंथांत आहे. आणि तिथे गोष्टीच्या रूपात आहे, पाइकच्या १५०० वर्षं आधी.

भगवतीसूत्राचं पंधरावं शतक, म्हणजे प्रकरण. महावीर आणि त्यांचा तेव्हाचा शिष्य मंखलीपुत्र गोशालक एका गावाहून दुसऱ्या गावाला चाललेत. वाटेत फुलावर आलेलं तिळाचं रोप दिसतं. गोशालक विचारतो, हे वाढणार का, आणि या सात फुलांचे जीव कुठे जाणार? महावीर म्हणतात, वाढणार, आणि हे सातही जीव याच रोपाच्या एका शेंगेत सात तीळ होऊन जन्मणार. झालं, गोशालक हळूच मागे राहतो आणि मातीच्या ढेकळासकट रोप उपटून बाजूला फेकतो. खोटं पाडायचं म्हणून! तेवढ्यात पाऊस येतो, जोराचा नाही, मुळं धरण्यापुरता, आणि पडलेलं रोप तिथेच रुजतं. परतताना गोशालक म्हणतो, बघा, तुमचं रोप नाही जागेवर. महावीर म्हणतात, ते बघ तिकडे, आणि तूच ते उपटलंस. गोशालक शेंग फोडून हातावर तीळ मोजतो, सात. पुढे हाच आजीवक पंथाचा मोठा आचार्य झाला, सगळं ठरलेलं आहे म्हणणारा. (ग्रंथात मात्र तो या प्रसंगातून वेगळाच निष्कर्ष काढतो, की मेलेलं शरीर तेच जीव पुन्हा धरतात.)

मला यात आवडतं ते असं की गोशालकाला कुणी अडवलं नाही. रोप उपटायचं होतं, उपटलं. तेवढी मर्जी त्याची होतीच.

दुसरी गोष्ट उपासकदशांगात, पोलासपूरचा कुंभार सद्दालपुत्त, भांड्यांची ५०० दुकानं, आजीवकांचा भक्त. उन्हात वाळत घातलेली मडकी बघून महावीर विचारतात, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? तो म्हणतो प्रयत्नावाचून, सगळं नियत आहे. बरं, मग कुणी तुझी मडकी फोडली किंवा तुझ्या बायकोच्या अंगाशी आला तर? तर मी त्याला झोडपीन, बांधीन, जीव घेईन. मग त्याने कुठे काय केलं, सगळं नियतच होतं ना? तिथे तो गप्प.

आम्ही दिगंबर, आमच्यात हे आगम प्रमाण नाहीत, पण गोष्टी वाचायला कुणाची हरकत नाही. आमच्याकडे हाच वाद विसाव्या शतकात पेटला. सोनगडच्या कानजी स्वामींनी 'क्रमबद्धपर्याय' लावून धरलं: केवलींना सगळे पर्याय क्रमाने दिसतात, म्हणजे क्रम ठरलेलाच आहे, कुणी तो पुढेमागे करू शकत नाही. विरोधक म्हणाले, मग पुरुषार्थ संपला की, उपास-तापास कशाला? त्यांचं उत्तर की 'मी पर्याय फिरवणारा नाही, फक्त जाणणारा आहे' हे ओळखून आत वळणं हाच खरा पुरुषार्थ. हुकमचंद भारिल्लांचं याच नावाचं हिंदी पुस्तक आहे, आक्षेप घेऊन उत्तरं देत जातं, लोकलला एकदम योग्य. पटेलच असं नाही. आमच्या घरात यावरून दोन काका एका पंगतीत बसत नाहीत.

लोकलमधला
अरे बाप रे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सांगलीकर, तिळाची गोष्ट डब्याच्या टेबलावर सांगितली, एकदम शांतता. पण सद्दालपुत्ताने मला बुचकळ्यात टाकलंय. महावीर स्वतः सर्वज्ञ, आणि तेच 'सगळं ठरलेलं नाही' म्हणून कुंभाराशी वाद घालतात?

नाममात्र
बरोब्बर जागी बोट ठेवलंत. मडक्याचा युक्तिवाद 'प्रयत्नाला काही किंमतच नाही' याला पाडतो. 'माहीत आहे आणि तरी मोकळीक आहे' हे कसं, त्याला तो हातच लावत नाही.

वसईची_केळी
आमच्या बाजूचं पण घ्या. बायबलात पहिल्या शमुवेलच्या २३ व्या अध्यायात दावीद कईला नावाच्या गावात आहे आणि शौल राजा मागावर. दावीद देवाला विचारतो, शौल इथे येईल का? येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. हे ऐकून दावीद माणसं घेऊन निघून जातो, शौलला कळतं, तो येतच नाही. म्हणजे देवाने सांगितलेलं दोन्ही घडलं नाही आणि तरी देव खोटा पडला नाही, कारण तो सांगत होता 'तू थांबलास तर काय होईल' ते.

यावरच लुइस दे मोलिना नावाच्या स्पॅनिश जेझुइटाने (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) अख्खी इमारत उभी केली, लिस्बन, १५८८. त्याचं म्हणणं, अमुक माणूस अमुक परिस्थितीत आपल्या मर्जीने काय करील हे देवाला जग निर्माण करायच्या आधीच कळतं, आणि ते लक्षात घेऊन तो कुठलं जग करायचं ते ठरवतो. मर्जी माणसाची, बेत देवाचा. डॉमिनिकन पंथाचे लोक, त्यांत बान्येस पुढे, असे खवळले की रोममध्ये खास समिती बसली, १५९८ पासून १६०७ पर्यंत चर्चा, आणि शेवटी पोप पाचव्या पॉलने निकालच दिला नाही, दोन्ही बाजूंना सांगितलं एकमेकांना पाखंडी म्हणू नका. अवांतर: 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स जेझुइटच, तिकडे हा गोंधळ चालू असताना ते गोव्यातल्या साष्टीत होते.

दावीदचा भाग मराठीत वाचायचा तर फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'. मोलिनासाठी 'डिव्हाइन फोरनॉलेज: फोर व्ह्यूज' (२००१), चौघेजण आपापली बाजू मांडतात आणि बाकीचे तिघे लगेच त्याची उलटतपासणी करतात. विल्यम लेन क्रेग मोलिनाच्या बाजूने आहे, ग्रेग बॉइड तर म्हणतो भविष्याचा काही भाग उघडाच आहे आणि देव तो उघडा म्हणूनच जाणतो.

नाममात्र
पुस्तक मस्त, सहमत. मोलिनाला एकच विचारायचं असतं, जो माणूस अजून निर्माणच केलेला नाही, त्याच्याबद्दलचं 'तो असं करील' हे खरं कशामुळे ठरतं? देवामुळे म्हणाल तर मर्जी गेली. माणसामुळे म्हणाल तर माणूस आहे कुठे?

गूळपोळी
मी अजून माझ्या जागेवर आहे बरं का. नाममात्र, तुमचे ते 'दोन खिळे'. पहिला खिळा मला पक्का वाटतच नाही. देवाचं ८० वर्षांपूर्वीचं मत हे खरंच होऊन गेलेलं आहे का? १८५६ साली रत्नागिरीत 'गीतारहस्याचा कर्ता जन्मला' हे वाक्य घ्या. दिसतं १८५६ बद्दलचं. पण ते खरं ठरलं मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांची पेन्सिल चालली तेव्हा. टिळकांनी लिहिलं नसतं तर तो जन्म झालाच असता, पण ते वाक्य खरं नसतं. देवाचं मत तसंच, अर्धं मागे, अर्धं पुढे टांगलेलं. मग जोन्सने काही भूतकाळ बदलायला नको.

नाममात्र
ताई, हा विल्यम ऑफ ऑकमचा मार्ग, चौदावं शतक, आणि १९८६ मध्ये प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने तो नव्याने मांडला. 'ऑन ऑकम्स वे आउट' नावाचा लेख, यादीत घाला. माझी अडचण एवढीच की टिळकांबद्दलचं वाक्य हे नुसतं वाक्य आहे, पण देवाचं मत म्हणजे देवाच्या मनात खरोखर असलेलं काहीतरी. ते टांगलेलं कसं असेल? पण इथे मात्र तुमचा माझा सामना बरोबरीत, कबूल.

अश्दोदकर
इस्राएलहून. आमच्याकडे मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मवचनांच्या संग्रहात, रब्बी अकिवाचं वचन आहे, सगळं दिसलेलं आहे आणि मोकळीक दिलेली आहे. संपलं, एका ओळीत दोन्ही, स्पष्टीकरण नाही. मग बाराव्या शतकात मैमोनिडीज हा ज्यू तत्त्वज्ञ हाच प्रश्न विचारतो आणि म्हणतो, याचं उत्तर पृथ्वीपेक्षा लांब आणि समुद्रापेक्षा रुंद आहे, देवाचं जाणणं आपल्यासारखं नाही, त्यामुळे ते आपल्याला कळणार नाही, पण माणूस मोकळा आहे एवढं नक्की. त्यावर त्याच काळातला रब्बी आव्राहम बेन दाविद त्याला खडसावतो: जे पुरं करता येत नाही ते शहाण्या माणसाने सुरूच करू नये! मैमोनिडीजच्या 'मिश्ने तोरा'तला पश्चात्तापाचा भाग, पाचवं प्रकरण. पाच मिनिटांचं वाचन आहे.

लोकलमधला
बेन दाविद आवडला. 😂 अजून एक. कुणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं की बोएथियस वाच, त्याने प्रश्न मिटवलाय, देव काळाच्या बाहेर आहे म्हणून. खरंय का?

नाममात्र
वाचाच. बोएथियस रोमचा मोठा अधिकारी, थिओडोरिक राजाने राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत टाकलं, साधारण ५२४ मध्ये मारलं, आणि मरणाची वाट बघताना 'कन्सोलेशन ऑफ फिलॉसफी' लिहिलं. (बोएथियस कैदेत, टिळक कैदेत. मंडळी बाहेर असताना या प्रश्नाला वेळ देत नाहीत असं दिसतं.) पाचवा भाग तेवढा तुमचा. देवाला आधी-नंतर नाही, सगळा काळ त्याच्यासमोर एकदमच आहे, म्हणून तो आधीपासून जाणतो असं म्हणणंच चूक, तो फक्त बघतोय, आणि कुणी बघितल्याने चालणाऱ्याचं चालणं सक्तीचं होत नाही.

छान आहे, भाषा तर फारच. पण मिटलं असं मी म्हणणार नाही. एक तर झॅग्झेब्स्की विचारतात तसं, होऊन गेलेलं बदलता येत नाही म्हणून ते पक्कं, मग काळाबाहेरचं तरी मला कुठे बदलता येतंय? दुसरं म्हणजे देव एकदा काळात उतरून बोलला की सगळं परत येतं. येशू रात्री आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो, कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. ते वाक्य त्या रात्री, त्या खोलीत, माणसांच्या कानावर पडलेलं आहे. पहाटे पेत्राच्या हातात काय उरलं?

वसईची_केळी
म्हणूनच तर मोलिना. येशूला पेत्र ठाऊक होता.

गूळपोळी
लोकलमधला, तुमच्या डब्याच्या टेबलासाठी एक कोडं देते, त्यात देव नाही म्हणजे नळसाहेबांनाही चालेल. न्यूकम नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाचं, १९६९ मध्ये रॉबर्ट नोझिकने प्रसिद्ध केलं. दोन पेट्या. एक काचेची, आत हजार डॉलर दिसतायत. दुसरी बंद. तुम्ही फक्त बंद पेटी घ्या किंवा दोन्ही घ्या. एक जवळपास कधीच न चुकणारा भाकीतवाला आहे, त्याने कालच ओळखलंय तुम्ही काय करणार. फक्त बंदच घेणार असं त्याला दिसलं असेल तर त्याने आत दहा लाख ठेवलेत, दोन्ही घेणार दिसलं असेल तर काहीच ठेवलेलं नाही. तो निघून गेलाय. काय उचलाल?

बिनपाण्याचा_नळ
दोन्ही. यात विचार काय करायचाय? पैसे काल ठेवलेत की नाही ते ठेवलेत, आता मी काहीही केलं तरी ते हलणार थोडेच. हजार सोडून का द्यायचे?

नाममात्र
नळसाहेब, देव नाही म्हणता आणि पाइकचा पहिला खिळा घट्ट धरून बसलात की.

बिनपाण्याचा_नळ
पण थांबा, दोन्ही घेणारे सगळे हजारच घेऊन घरी जाणार ना मग? आणि बंदवाले लखपती? हे काय लफडं आहे. तो लेख कुठे मिळेल म्हणालात, पाइकचा?